सोजरआत्याची खातरजमा

दगडू परवा स्टुडिओत आला. पायरीवरच चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मावशीचा एखादा फोटू असंल का तुमच्याकडं? घरात भिंतीला लावायला एक बी न्हाय."

सोजरआत्या त्याची सख्खी मावशी. आळंदच्या बाजूला लेकीकडं राहायला गेली होती, ती तिकडंच वारली. मला ते दगडूच्याच तोंडून कळलं. "बघते," एवढंच मी म्हटलं. बघायचं काय होतं म्हणा. माझ्या लॅपटॉपात आत्याची दोन वर्षांची बडबड पडून आहे, शेळ्यांसकट. पण त्यातला कुठला फोटो द्यायचा याचा मला घोर लागला. फोटोवरून त्या घरात एकदा आग लागलेली आहे आणि काडी माझी होती.

येडशीत स्टेशनच्या रस्त्याला माझा, म्हणजे मंगलचा, स्टुडिओ. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं, रिटायर होणाऱ्या लोकांचे सत्कार. सोजरआत्या पहिल्यांदा आली ती कसल्याशा फॉर्मला फोटो पाहिजे म्हणून. रामलिंगाच्या बाजूला माळावर तिची वस्ती. नवरा कधीचाच गेलेला, धंदा शेळ्यांचा. साठीची काटक बाई, नऊवारी आवळून खोचलेली, डाव्या नाकपुडीत सोन्याची बारीक चमकी. गावात सगळे आत्या म्हणायचे म्हणून मीही आत्या म्हणायला लागले.

फोटो काढून झाला तरी बाई स्टुलावरून उठेना.

"ह्या डब्यात माझं तोंड आता किती दिस ऱ्हानार?"

"खोडून टाकते, आत्या."

"खोडलं म्हनशील. दावशील का?"

खोडून दाखवलं. तिनं कॅमेऱ्याच्या मागं, खाली, स्टुलाखाली वाकून बघितलं आणि गेली. तासाभरानं बसस्टँडवरून परत आली. "मगाशी काय म्हनाली हुतीस गं, माझा फोटू कुठं ठिवलाय म्हनून?" मी वैतागून म्हटलं, कुठंच नाही, तुमच्यासमोर खोडला ना. तशी मान हलवून निघून गेली. ही तिची रीत होती, ते मला पुढं कळलं. एकच प्रश्न तासाच्या अंतरानं दोनदा विचारायचा. उत्तर बदललं की माणूस बाद. "खरं बोलनाऱ्याला दुसऱ्यांदा आठवावं लागत न्हाय," असं तिचं म्हणणं.

चहाची तर तऱ्हाच वेगळी. कुणाच्याही घरी गेली आणि समोर चहा आला की आपला कप यजमानासमोर सरकवायचा आणि त्याचा आपण घ्यायचा. न बोलता. जणू तशीच पद्धत आहे. पहिल्यांदा माझ्याकडं तिनं असं केलं तेव्हा माझं डोकंच सरकलं. "आत्या, मी काय विष घालणार आहे का?" तर शांतपणे बशीत चहा ओतत म्हणाली, "तू कशाला घालशील? पर घातलं असलंस तर आता कळंलच की."

आपल्याकडं शेळ्या किती, हे तिनं उभ्या जन्मात कुणाला सांगितलं नाही. आकडा बोलला की दृष्ट लागते. जनावरांची मोजणी करायला एक साहेब वस्तीवर गेले होते. आत्या म्हणाली, तुमीच मोजा की. आणि ते मोजायला लागले की ही हळूच एका अंगाच्या शेळ्या दुसऱ्या अंगाला हाकलायची. साहेबांनी तीनदा मोजलं आणि तीन आकडे आले. शेवटी त्यांनी मधला लिहून घेतला म्हणे.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल बाई खुळी होती. तर न्हाय. बाजारात तिच्यासारखी पारख कुणाला नव्हती. ती शेळी डोळ्यानं बघायचीच नाही. हातानं बघायची. तोंड उघडून वय कळायला दात चाचपायची, पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवायची, कास दाबून बघायची आणि मग बोलायची. "डोळ्यानं बघितलेलं आर्धं, हातानं बघितलेलं पुरं." आणि एकदा बोलली की तो शब्द दगडावरची रेघ. सोजराबाईनं दोनदाती सांगितली म्हणजे दोनदातीच, गाभण सांगितली म्हणजे गाभणच. चाळीस वर्षांत तिच्या दावणीची शेळी घेऊन कुणी भांडायला परत आलं नव्हतं. जगावर शक घेणाऱ्या बाईवर मात्र सगळ्या बाजाराचा विश्वास, हे मोठं गमतीचं होतं. तिच्याकडं होतं काय, तर तेवढं नाव. ते गेलं असतं तर मागं नुसत्या शेळ्या उरल्या असत्या.

मग ते बंदचं साल आलं. आठवडी बाजार बंद, गाड्या बंद. लोक मोबाइलवर जनावरं बघून घ्यायला लागले. दगडूनं आत्याच्या शेळ्यांचे व्हिडिओ काढून धाडले, पण आमच्या भागातली शेळी काळीभोर. काळी शेळी, काळी सावली, मोबाइलवर नुसता डांबराचा गोळा दिसायचा. बघणारे म्हणायचे, हिला पाय किती आहेत तेच कळेना. दगडूच आत्याला घेऊन माझ्याकडं आला. तुमचा लग्नातला मोठा कॅमेरा थेट लाइव्हला जोडता येईल का, म्हणून विचारायला.

मलाही कामाची गरजच होती. लग्नं बंद पडल्यापासून डीएसएलआर कपाटात धूळ खात होता. मी शिकून घेतलं. कॅमेऱ्यातून एक वायर काढायची, ती एका चपट्या डबीत घालायची, डबीची वायर लॅपटॉपाला. म्हणजे लॅपटॉपाला तो कॅमेरा आपला वेबकॅमच वाटतो, आणि त्यातून दिसणारं थेट लोकांच्या मोबाइलवर जातं. बॅटरी तासाभरात संपते म्हणून बॅटरीच्या जागी विजेची वायर असलेली खोटी बॅटरी बसवायची. हे सगळं आत्याला समजावून सांगताना मी "खोटी बॅटरी" म्हणाले आणि पंचाईत झाली. "म्हंजी पैल्यापासनंच खोटं?" असं म्हणून ती दोन दिवस आलीच नाही.

पहिल्या लाइव्हला मी कडब्याच्या गंजीपुढं कॅमेरा मांडला. काळ्या कातडीवरचा केस न् केस दिसायला लागला. पुण्याहून, हैदराबादहून लोक बघत होते. आणि बरोबर अर्ध्या तासानं कॅमेरा आपोआप झोपला. मला माहीतच नव्हतं की काही केलं नाही तर तो स्वतःच बंद पडतो, सेटिंग बदलावं लागतं. पडदा काळा. परत चालू करेपर्यंत लोकांनी लिहून टाकलेलं, "शेळी बदलायला कॅमेरा बंद केला का?" आत्यानं ते मला वाचायला लावलं आणि चिडायच्या ऐवजी खूशच झाली. "शाणी मानसं हायती. हेंच्याशी धंदा करायला हरकत न्हाय."

खरी गंमत दुसऱ्या वेळी झाली. शेळी चौकटीत आहे का ते तिला कळावं म्हणून मी लॅपटॉपाचं तोंड तिच्याकडं केलं. तिनं बघितलं आणि शेळीचं दावंच सोडून दिलं.

"ही बाई म्या न्हाय."

"मग कोण आहे, आत्या?"

"ते तुला ठावं. हिची चमकी भलत्या नाकपुडीत हाय. आन् म्या हिकडं सरले की ही तिकडं सरायली."

मी समजावलं. आपण जन्मभर स्वतःला आरशात बघतो, कॅमेरा मात्र समोरच्या माणसाला दिसतो तसं दाखवतो, म्हणून वेगळं वाटतं. तिला पटेना. शेळी डावीकडं ओढायच्या ऐवजी उजवीकडं ओढायची, चौकटीत नुसतं शेपूट. बघणारे ताटकळलेले, माझं डोकं तापलेलं. लॅपटॉपात चित्र डावं-उजवं पलटायचा एक खटका असतो, तो मी दाबला. चित्र आरशासारखं झालं.

"हां," आत्या म्हणाली. "आता म्या हाय."

मला वाटलं, पलटलं ते आमच्यापुरतं, लोकांना सरळच दिसतंय. खातरजमा केली नाही. मोबाइल हातात घेऊन लाइव्ह एकदा बघितलं असतं तर संपलं असतं. मागं कडब्याची गंज, तिच्यावर काय अक्षरं असणार? वर शेळीची माहिती मी लॅपटॉपातूनच टाकायचे, ती सरळच यायची. आणि सगळ्या शेळ्या काळ्या कुळकुळीत. काळ्याचं डावं काय आणि उजवं काय? पाच-सहा महिने कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

त्या पाच-सहा महिन्यांत आत्याचा माल लोहाऱ्यापासून पुण्यापर्यंत गेला. न्यायचा कोणी, तर दगडूनं, त्याच्या टेम्पोतून. आई वारल्यापासून तो आत्याच्याच हाताखाली वाढलेला, तीस-बत्तिशीचा गडी, मोजकं बोलणारा. टेम्पो निघताना आत्या प्रत्येक शेळीच्या अंगावर हात फिरवायची आणि दगडूला रस्ताभर कुठं थांबणार ते विचारायची. तासाभरानं फोन करून परत विचारायची. तो हसायचा.

मला ती एकदा म्हणाली, "तुझा डबा बेस हाय. पर भ्या वाटतं त्येचं."

"कशाचं भ्या? कॅमेरा खोटं बोलत नाही, आत्या."

"बोलत न्हाय म्हनूनच. बोलनाऱ्याला पकडता येतं."

आणि तरीही, एक दिवस काय झालं, चहा आला, तिनं आपलाच कप उचलला आणि प्याली. मी बघतच राहिले. घरी गेल्यावर नवऱ्याला पहिलं तेच सांगितलं. मला खरोखर अभिमान वाटला होता. तालुक्यात असा मान दुसऱ्या कुणाला नव्हता.

टिकल्या हा आत्याचा पैदाशीचा बोकड. अंगभर काळा, फक्त डाव्या कानावर पांढरी टिकली, एक शिंग जरासं बाहेरच्या अंगाला वाकलेलं. लाइव्हला आत्यानं सांगितलं, हा जुळ्यातला हाय, ह्याचं वाण जुळी देतं. लोहाऱ्याचे एक गुरुजी, शाळेतून रिटायर होऊन शेळ्या पाळायला लागलेले, त्यांनी तो घेतला. दगडू टेम्पोतून पोचवून आला.

तिसऱ्या दिवशी गुरुजींचा माझ्या मोबाइलवर निरोप आला. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळा पत्रव्यवहार माझ्याच हातून व्हायचा. शेजारी शेजारी दोन फोटो. एक लाइव्हमधून उचललेला, एक त्यांच्या गोठ्यातला. दोन्हीत कानाला आणि शिंगाला लाल गोल केलेले, पेपर तपासल्यासारखे. पहिल्यात टिकली उजव्या कानावर, दुसऱ्यात डाव्या. शिंगाचा वाकही उलटा. खाली लिहिलेलं, "दाखवला एक, पाठवला एक. जुळ्या भावाचा फायदा घेतला. बाईंकडून ही अपेक्षा नव्हती." आणि तेच त्यांनी शेळीपालकांच्या ग्रुपात टाकलेलं. खाली लोक लिहीत होते, सावध राहा, येडशीची बाई माल बदलते.

मी ते फोटो एकदा बघितले आणि कळलं. तो खटका.

तशीच वस्तीवर गेले. आत्या शेळीच्या मानेचे गोचीड काढत बसली होती. मी म्हटलं, "आत्या, लोहाऱ्याचे गुरुजी म्हणतात, आलेला बोकड तो नव्हे. त्याचा जुळा भाऊ पाठवला म्हणतात. ग्रुपात तसं टाकलंय त्यांनी." पुढचं वाक्य ओठावर होतं. चूक माझी आहे, एवढंच. पण आत्या उठून उभी राहिली.

"जुळा नळदुर्गाला हाय," ती म्हणाली. "म्याच इकलाय गेल्या साली, त्या धाब्यामागल्या मानसाला. लोहाऱ्याला जाताना दगड्या जेवायला कुठं थांबला हुता?"

नळदुर्गलाच थांबला होता. धाब्यावर. सगळं असं चपखल बसलं की क्षणभर माझाच विश्वास बसला. माझं वाक्य मी गिळलं. का गिळलं, ते सांगते, लपवत नाही. लग्नं नुकती कुठं सुरू होत होती, तीन घरांनी लाइव्ह सांगून ठेवलं होतं. मंगलच्या कॅमेऱ्यात उलटं दिसतं असं एकदा गावात झालं असतं तर कोण आलं असतं? आणि खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त मला तो कप घालवायचा नव्हता.

दगडूला बोलावलं. तो म्हणाला, "मावशी, तू भरून दिलास त्योच उतरवला." आत्यानं ऐकून घेतलं. तासाभरानं परत विचारलं. तेच उत्तर आलं. पण या वेळी तिची रीतही तिच्या कामाला आली नाही. "घोकून आलायस," ती म्हणाली, आणि सगळ्या वस्तीसमोर तिनं सांगून टाकलं, आजपासनं ह्येच्या टेम्पोत माझं करडू बी जानार न्हाय. वस्तीवरच्या इतरांनीही त्याला माल देणं बंद केलं. सोजराबाईच म्हणते म्हटल्यावर दुसरं कोण काय म्हणणार? आठ दिवस त्याचा टेम्पो लिंबाखाली उभा होता. मी रोज स्टुडिओला येता-जाता तो टेम्पो बघायचे आणि मान दुसरीकडं करायचे.

आत्याला लोहाऱ्याला जायचं होतं. बोकड हातानं बघायचा होता. मी तिला म्हटलं, गुरुजी तापलेत, चार दिवस जाऊ द्या, आता गेलात तर अपमान होईल. ती थांबली. आयुष्यात कुणाचं न ऐकणारी बाई, मी म्हटलं म्हणून थांबली. मला त्या आठ दिवसांत अन्न गोड लागलं नाही. पण तोंडही उघडलं नाही.

नवव्या दिवशी ती स्टुडिओत आली. मी चहा सांगितला, दोन कप आले. तिनं कपाला हात लावला नाही.

"दगड्यानं भंडारा उचलला काल," ती म्हणाली. "बिरोबाच्या म्होरं. म्या न्हाय बदलला म्हनाला. भंडारा उचलून आमच्यात कुनी खोटं बोलत न्हाय." मग बोटं मोजायला लागली. "गुर्जी खोटं कशाला बोलतील, त्येंला बोकड पायजे हुता. दगड्या खरा. तू खरी. म्या खरी. मग ऱ्हायलं कोन?" तिनं कपाटाकडं बोट केलं. "तुझा डबा. लाव बगू ते."

मी रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर आत्या, टिकल्याचं तोंड उघडून दात दाखवणारी. ती टिकल्याकडं बघतच नव्हती. स्वतःकडं बघत होती. मग उठली, गिऱ्हाइकांना केस विंचरायला भिंतीला आरसा लावलाय तो काढून आणला, तोंडापुढं धरला. एकदा आरशात बघायची, एकदा लॅपटॉपात.

"आरशात चमकी ह्या अंगाला. डब्यात बी ह्याच अंगाला." आरसा खाली ठेवला. "म्हंजी तुझा डबा आरसा झाला की गं. आन् आरसा उलटं दावतो ह्ये शेंबड्या पोराला बी ठावं हाय."

मी आरसा परत भिंतीला अडकवायला उठले.

"तुला कवा कळलं?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. पण मला ठाऊक होतं, तासाभरानं ती परत विचारील. "गुरुजींचा फोटो आला त्याच दिवशी," मी म्हटलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता हात पुढं केला, आपला कप माझ्याकडं सरकवला आणि माझा उचलला. गार झालेला चहा एका घोटात प्याली. मला रडू आलं. मी रडले, तिनं रडू दिलं.

"खटका चुकून दाबला, त्येचा मला राग न्हाय," ती म्हणाली. "खटका म्याच दाबाय लावला हुता, म्याच म्हनाले आता म्या हाय. पर आठ दिस माझं लेकरू चोर म्हनून बसलं लिंबाखाली. त्ये तू बघत हुतीस. चल. डबा घे. लोहाऱ्याला जायचं."

दुपारच्या गाडीनं निघालो. गुरुजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते, आम्हाला बघून उठलेही नाहीत. आत्या त्यांच्याशी न बोलता थेट गोठ्यात गेली. डोळे मिटून टिकल्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला, दात चाचपले. "माझाच हाय," म्हणाली, आणि मला म्हणाली, "लाव."

मी तिवईवर कॅमेरा लावला, वायर, डबी, लॅपटॉप, आणि लाइव्ह सुरू केलं. गुरुजी तोवर कुतूहलानं मागं येऊन उभे राहिलेले. खटका दाबला, टिकली उजव्या कानावर. परत दाबला, डाव्या. पुन्हा उजव्या. गुरुजींचा चेहरा लालेलाल. "अहो, हे तर आरशातलं प्रतिबिंब," ते म्हणाले. "तीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं." आत्या म्हणाली, "आमाला कुनी शिकवलं न्हाय, गुर्जी, म्हनून यळ लागला." गुरुजींनी तिला हात जोडले. मग त्यांच्या घरच्यांनी पाणी आणलं, चहाही आणला. आत्यानं गुरुजींचा कप घेतला.

पण तिचं काम संपलं नव्हतं. मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. "चूक कुनाची ती तुझ्या तोंडानं सांग." मी सांगितलं. चित्र मी पलटवलं होतं, बोकड तोच आहे, सोजराबाईंनी आणि दगडूनं काहीही बदललेलं नाही, आणि मला हे कळल्यावरही मी आठ दिवस गप्प बसले. लोक बघत होते. मला वाटलं धंदा बसला. बसला नाही. त्या तीन लग्नांपैकी एक गेलं, बाकीच्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आमचं सरळ दिसेल ना?"

परत येताना आत्या वस्तीवर न जाता दगडूच्या दारात गेली. मी मागं होते. आळीतली माणसं बाहेर आली. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "दगडू, माझं चुकलं. तू खरा हुतास." मी तिला दगडू म्हणताना पहिल्यांदाच ऐकलं, एरवी दगड्याच. त्यानं तिला आत घेतलं, पाणी दिलं. पण टेम्पो त्यानं पुढच्या महिन्यात विकला आणि हायवेला ट्रकवर लागला. मावशीकडं येत राहिला, जेवत राहिला, शेळ्या मात्र परत वाहिल्या नाहीत. एकदा तो मला एवढंच म्हणाला, "ताई, तुमी त्या रस्त्यानं रोज जात हुता."

लाइव्ह आम्ही पुढं दीड वर्ष केलं. सुरुवातीला प्रत्येक वेळी आत्या चमकीवर बोट ठेवून बघणाऱ्यांना विचारायची, "सांगा, कंच्या अंगाला हाय?" पाच-सहा जणांनी "डाव्या" असं लिहिल्याचं मी वाचून दाखवलं की मगच शेळी पुढं आणायची. पडद्यावरची ती बाई तिला शेवटपर्यंत परकीच वाटली. "दिसू दे परकी," म्हणायची, "लोकांस्नी म्या अशीच दिसती ना?" माझ्याकडचा चहा मात्र ती बदलूनच प्यायची. दीड वर्षात एकदाही चुकली नाही.

गुडघे गेले तेव्हा तिनं दावण मोडली. टिकल्याची आई तेवढी दगडूच्या दारात नेऊन बांधली. लेकीकडं जायच्या दिवशी गाडीला वेळ होता म्हणून बोचकं घेऊन स्टुडिओत येऊन बसली. मी चहा मागवला. तिनं माझ्या भिंतीवरचे फोटो बघितले, आरसा जागेवर आहे का बघितलं. चहा आला. तिनं आपला कप माझ्यापुढं सरकवला आणि माझा ओढून घेतला, नेहमीसारखा. मग माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि परत बदलला. माझा कप माझ्यापुढं, तिचा तिच्यापुढं. बशीत ओतून सावकाश प्याली, बोचकं उचललं आणि तुळजापूरच्या गाडीकडं चालायला लागली.

दगडूला मी नंतरच्या दीड वर्षातला फोटो दिला, सरळ, चमकी डाव्या नाकपुडीत. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "व्हय, हीच मावशी." तिनं बघितला असता तर म्हणाली असती, ही बाई म्या न्हाय.

कपाचं मात्र मला आजही कळलेलं नाही. शेवटी तिचा माझ्यावर परत विश्वास बसला म्हणून तिनं तो परत बदलला? की ही नेहमीसारखा कप बदलणार हे ओळखून मी आधीच माझ्या कपात काहीतरी घातलं असेल, असा तिला शक आला? तेव्हाच विचारायला पाहिजे होतं, आणि तासाभरानं परत एकदा. पण तासाभरानं तिची गाडी धाराशिव ओलांडून पुढं गेली होती.